मासा छोटा, बिल मोठं!

‘अहो दादा, मागच्या महिन्यात तर एवढा भाव नव्हता!’ क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला फिशटँकसाठी मासे घ्यायला गेलात, की हे वाक्य तोंडून निघतंच ना? दुकानदार लुटतोय, असं आपण ठरवूनही टाकतो. पण जरा त्या पिशवीचा हिशेब बघा.

शोभेच्या माशांची आपल्याकडची मोठी केंद्रं म्हणजे चेन्नईचं कोळत्तूर आणि कोलकाता-हावडा परिसर. परदेशी माल सिंगापूर, थायलंडकडून येतो. पिशवीत थोडं पाणी, वर भरपूर ऑक्सिजन, मग थर्माकोलचा खोका. निघण्याआधी माशांना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, नाहीतर विष्ठेमुळे पाण्यात अमोनिया वाढतो आणि खेळ खल्लास. विमानाचं भाडं वजनावर, म्हणजे आपण माशापेक्षा पाण्याचंच भाडं जास्त भरतो! डॉलर किंवा इंधन महागलं, की टेट्राही महागला.

समजा, दुकानदाराने १० रुपयांना एक असे १०० निऑन टेट्रा घेतले, वर भाडं १,००० रुपये. सगळे जगले तर एक मासा २० रुपयांना पडला. ३० वाटेतच मेले, तर उरलेला प्रत्येक साडेअठ्ठावीसच्या घरात जातो. दुकानाचं भाडं, वीज, औषधं, नफा हे सगळं अजून बाकीच आहे. थोडक्यात, मेलेल्यांचे पैसेही आपणच देतो.

गप्पी स्वस्त, कारण तो थेट पिल्लंच देतो आणि सतत देतो. डिस्कसची पिल्लं मात्र सुरुवातीला आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात, त्यामुळे वाढवायला वेळ आणि मेहनत दोन्ही जास्त. समुद्री माशांची गोष्ट आणखी वेगळी. २०२१च्या सुरुवातीला हवाईत अ‍ॅक्वेरियमसाठीची व्यावसायिक मासेमारी कोर्टाच्या निर्णयाने थांबली आणि यलो टँगचे भाव कुठच्या कुठे गेले.

फ्लॉवरहॉर्नचं मात्र खर्चाशी फारसं देणंघेणं नाही. डोक्यावरचं टेंगूळ जितकं मोठं, तितका तो ‘लकी’, आणि तितका खिसा रिकामा. हा भाव आपणच वाढवलाय, बरं का!

घासाघीस जरूर करा, पण आधी ‘माल कधी आला?’ हे विचारा. कालच उतरलेल्या माशापेक्षा आठवडाभर दुकानात राहून नीट खाणारा मासा घ्या. त्याचे पाच-दहा रुपये जास्त गेले तरी चालतील, कारण तेवढे दिवस त्याला सांभाळलेलं असतं. आणि घरी आल्या आल्या पिशवी टाकीत ओतू नका. आधी पंधरा-वीस मिनिटं ती तशीच बंद पाण्यावर तरंगू द्या.