भूतगणांची कवटी आणि डबीतला रंग

महाशिवरात्र जवळ येऊ लागली, अथवा शाळेच्या स्नेहसंमेलनात शंकराच्या वरातीचा प्रवेश बसवावयाचे ठरले, की परळी वैजनाथाच्या तालुक्यातील आमच्या सिरसाळ्यात चेहऱ्यावर कवटी रंगवून भूतगणांची सोंगे घेऊ इच्छिणाऱ्या पोरांची लगबग सुरू होते. आणि या लगबगीत दरसाल न चुकता एक वाक्य कानांवर येते, ते असे की, ‘रंग कोणताही असला तरी काय बिघडते? एका रात्रीचा तर प्रश्न! जुनी माणसे शेंदूर-सफेदाच फासत होती, त्यांना काय झाले?’ हे वाक्य उच्चारणारे गृहस्थ बहुधा स्वतः कधी रंगत नाहीत; रंगविली जातात ती शेजाऱ्यांची मुले.

शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, मुर्दाडशिंग हेही शिशाचेच, आणि हिंगूळ हे पारा व गंधक यांचे संयुग, ही माहिती शालेय रसायनशास्त्राची असल्यामुळे तिच्यासाठी वेगळा पुरावा मागण्याचे कारण नाही. तरीही ‘देवळातल्या मारुतीला चालतो, मग माणसाला का चालू नये?’ असा सवाल मला भल्या भल्या माणसांनी गंभीर मुद्रेने केलेला आहे. मारुतीच्या पाषाणमूर्तीस मूत्रपिंडे नसतात आणि वाढत्या वयाचा मेंदूही नसतो, याहून निराळे उत्तर त्यास काय द्यावे? अखंड त्वचेतून शिसे फारसे आत शिरत नाही, हे न्यायबुद्धीने मान्य केलेच पाहिजे. परंतु कवटीचे दात काढावयाचे म्हटले की रंग ओठांवर येतो, ओठांवरचा जिभेवर येतो आणि चहाच्या घोटाबरोबर पोटात उतरतो, शिवाय कोरडी भुकटी फासताना उडालेली धूळ श्वासावाटे जाते ती निराळीच. मुलांच्या शरीरात हे विष प्रौढांपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते, आणि शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना कोठेही म्हणत नाही.

राहता राहिला ‘जुन्यांना काय झाले’ हा मुद्दा. १८८७ साली जपानात सम्राट मेइजी यांच्यासमोर काबुकी नाट्याचा प्रयोग चालू असता नाकामुरा फुकुसुके या विख्यात नटाचा पाय आवरता आवरेना असा थरथरू लागला, आणि त्याचे कारण वर्षानुवर्षे मुखास व मानेस फासलेला शिशाचा सफेदा हे ठरले. प्रेक्षकांत खुद्द बादशहा असल्यामुळे त्या कंपाची दखल घेतली गेली आणि शिसेविरहित भुकटीच्या शोधास चालना मिळाली. आमच्या जत्रांतून फिरणाऱ्या बहुरूप्याच्या पोटशुळाची नोंद कोणत्या तहसिलीच्या दफ्तरात सापडणार? नोंद नाही, सबब बाधाही नाही, हे अनुमान कोर्टात टिकणार नाही आणि दवाखान्यात तर मुळीच नाही.

शेंदराची जागा अलीकडे भिंतीच्या रंगाने आणि ऑइल पेंटने घेतली आहे. ही सुधारणा आहे अशी कोणाची समजूत असेल तर तीही सोडून द्यावी. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा कायदा आहे, तर सौंदर्यप्रसाधनांत वापरावयाच्या सेंद्रिय रंगद्रव्यांना मुभा आहे ती केवळ २० भागांची. म्हणजे कायद्याने निर्दोष ठरलेला भिंतीचा रंगदेखील चेहऱ्यासाठी निर्दोष ठरत नाही. शिसे बाजूला ठेवले तरी ऑइल पेंटमधील द्रावक त्वचेस भाजतो, आणि वाळलेला थर निघता निघत नाही म्हणून रॉकेलचा बोळा हाती घेतला जातो, तेव्हा खरा अनर्थ घडतो. अशा घासाघाशीनंतर एका दहा-बारा वर्षांच्या भूतगणाचा गाल मी पाहिला आहे: कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत लाल, भुवईच्या केसांत पांढऱ्या रंगाचे कण अडकलेले, आणि पापण्या सुजून अर्ध्या मिटलेल्या. पांढऱ्यासाठी फासल्या जाणाऱ्या चुन्याविषयी तर लिहूच नये. तो इतका दाहक क्षार आहे की डोळ्यात गेलेला कण बुबुळ कायमचे पांढरे करू शकतो, आणि कवटीच्या सोंगात रंगाचे मुख्य काम डोळ्यांभोवतीच असते.

दुसरा गैरसमज कलेच्या प्रांतातला आहे. तोंड सरसकट पांढरे फासावे आणि वर डोळे काळे करावेत, की झाली कवटी, असे समजणाऱ्यांच्या हातून जी निपजते ती कवटी नसते. ओल्या पांढऱ्यावर काळा चढविला की दोहोंचा मिळून राखी चिखल होतो. म्हणून प्रथम बोटांनी चेहरा चाचपून भुवईचे हाड, गालफडाचा उंचवटा आणि कानशिलाचा खळगा शोधावा, काळ्या भागांच्या सीमा पेन्सिलीने आखून घ्याव्यात, आणि पांढरा रंग ओलसर स्पंजाने त्या सीमांच्या बाहेरच, पातळ दोन थरांत द्यावा. नेत्रखाच ही डोळ्याएवढी नसते; ती वर भुवईपर्यंत आणि खाली गालफडाच्या हाडापर्यंत पसरते. नाकाचे सगळे बोंडूक काळे करणारा मनुष्य विदूषक दिसतो, कारण कवटीत नाक नसतेच, असते ते उलट्या बदामाच्या आकाराचे छिद्र, आणि ते नाकाच्या मधल्या हाडाखाली सुरू होते. दातांच्या रेघा ओठांवरच न थांबविता वर व खाली अर्धे बोट वाढवाव्यात, म्हणजे हिरड्या गेल्यावर उघडी पडलेली मुळे भासतात. गालांखालचा खळगा मात्र निव्वळ काळ्याने न भरता कडेला बोटाने पुसून विरवावा; सगळी भीती त्या विरण्यात आहे. वेलबुट्टी काढावयाची ती यानंतर, कपाळावर, आणि बेताने.

‘पाण्याचा रंग घामाने जातो, म्हणून तेलाचाच घ्यावा’ हे अर्धसत्य आहे: रंगभूमीसाठी बनविलेला तेलकट रंग वर पावडर थापल्याखेरीज मराठवाड्याच्या उन्हात तासभरही टिकत नाही. डबीवर ‘बिनविषारी’ असे छापलेला चित्रकलेचा रंग चेहऱ्यास चालतो, हेही खरे नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत स्पष्ट इशारा दिलेला आहे. सोंगातली कवटी अशुभ, असे म्हणणाऱ्यांनी वेरूळच्या एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात जाऊन सप्तमातृकांशेजारचा काळ-काळीचा अस्थिपंजर पाहून यावा. आणि फुलापानांनी नटविलेल्या कवट्यांची मेक्सिको शहरात मृतात्म्यांच्या सणानिमित्त निघणारी भव्य मिरवणूक अतिप्राचीन आहे, असे सांगणाऱ्यांस कळवावे की ती २०१६ साली सुरू झाली, तीही आदल्या वर्षीच्या जेम्स बाँडच्या चित्रपटात तसे दृश्य दाखविले गेल्यामुळे. सण जुना आहे, मिरवणूक नव्हे.

रंग प्रसाधनाचाच, घटकांची यादी छापलेला घ्यावा, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूस बोटभर लावून ठेवावा, आणि सोंग उतरविताना तेलकट रंगास खोबरेल व मऊ फडके, पाण्याच्या रंगास साबण व कोमट पाणी एवढीच तजवीज करावी. दुसऱ्या दिवशी कोपरावर लाली अथवा खाज दिसली, तर त्या मुलास भूतगणांतून काढून नंदीचे काम द्यावे. नंदीला मुखवटा असतो.