वारुळावरची अळंबी : अन्न, औषध आणि वास्तव

पावसाने रान भिजले, की राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या भागांत वारुळांच्या आसपास अळंबी उगवते. मांसल चवीमुळे तिची तुलना थेट मटणाशी होते. कोल्हापुरात याहून मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते! पण ‘प्रथिनांचे भांडार’ आणि ‘रामबाण औषध’ ही विशेषणे मात्र तपासून घ्यायला हवीत.

या अळंबीच्या प्रजातीला फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी १९४२ मध्ये ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव दिले. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून वारुळाच्या पोटात स्पंजासारखे थर रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. वाळवीला न पचणारे लाकडातले कठीण घटक बुरशी फोडते. मग वाळवी ते अन्न खाते. सुमारे तीन कोटी वर्षांची ही भागीदारी आहे. आपण खुडतो ती छत्री म्हणजे या बुरशीचे फळ. तिचा मुळासारखा लांब देठ थेट त्या थरांपर्यंत पोचलेला असतो.

आता पोषणाचे पाहू. वाळलेल्या अळंबीत प्रथिनांचे प्रमाण खरोखरच चांगले असते. मात्र ताज्या अळंबीत सुमारे नऊ दशांश पाणी असते, त्यामुळे वाळलेल्या वजनाचे आकडे ताटातल्या भाजीला लावणे चूक ठरते. चरबी कमी, तंतुमय घटक भरपूर, शिवाय पोटॅशियम आणि ‘ब’ गटातील काही जीवनसत्त्वे, ही तिची खरी जमेची बाजू. तिच्यातल्या अर्गोस्टेरॉलचे उन्हात ‘ड-२’ जीवनसत्त्व होते. म्हणून उन्हात वाळवण्याला शास्त्राचाही आधार आहे.

तिच्यातल्या बीटा-ग्लुकॅनसारख्या शर्करांचा प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम प्रयोगशाळेत अभ्यासला गेला आहे. पण परीक्षानळीतला गुण म्हणजे रुग्णाचा उपचार नव्हे. चालू औषध सोडून अळंबीवर विसंबणे धोक्याचे.

त्याहून मोठा धोका ओळख चुकण्याचा. चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडली तरच अळंबी विषारी, हा समज निराधार आहे. काही विषारी छत्र्यांचे विष शिजवूनही जात नाही आणि यकृत निकामी करते. जाणत्याने ओळखलेलीच अळंबी खावी, शंका आल्यास टाकून द्यावी.

धिंगरी अळंबी भाताच्या पेंढ्यावर पिकवता येते. वारुळावरच्या अळंबीची तशी शेती अजून साधलेली नाही. तिला वाळवीच हवी. म्हणून अळंबी खुडावी, वारूळ मात्र खणू नये. वारूळ मोडले, तर पुढच्या पावसाळ्यातले ताटही मोडते.