४२ शिखरं आणि साक्षीदार

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, कंब्रियात, केझिक नावाचं गाव आहे. बाजारपेठेच्या मधोमध मूट हॉल ही घड्याळाच्या मनोऱ्याची जुनी इमारत. उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत कुणी ना कुणी तिच्या दाराला हात लावून पळत सुटतं आणि चोवीस तासांच्या आत त्याच दाराला पुन्हा हात लावायची धडपड करतं. मधल्या वेळात लेक डिस्ट्रिक्टमधली ४२ शिखरं, सुमारे १०६ किलोमीटर अंतर आणि सगळे चढ मिळून ८,२०० मीटरच्या आसपास उंची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. समुद्रकाठापासून निघून ते पाच वेळा चढायचं आणि पाच वेळा उतरायचं, एवढा हा खटाटोप. कमान नाही, छातीवर क्रमांक नाही, बक्षिसाची रक्कम नाही. याला म्हणतात बॉब ग्रॅहम राउंड. डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर आपल्याकडे आता बरंच लिहून येतं, पण ते बहुतेक मोठ्या, गाजलेल्या शर्यतींवर. मला या खेळाचा गाभा या बिनशर्यतीच्या धावेत दिसतो.

बॉब ग्रॅहम केझिकमध्ये प्रवाशांसाठी राहण्या-जेवणाची सोय असलेलं घर चालवायचा. वय चाळिशीपलीकडचं. १९३२ च्या जून महिन्यात, १३ आणि १४ तारखेला, त्याने ही ४२ शिखरं २३ तास ३९ मिनिटांत केली. पायात टेनिसचे साधे बूट, अंगात झोपायच्या पोशाखातला सदरा आणि खायला पाव-लोणी, उकडलेली अंडी, फळं, गोळ्या. डोंगरातल्या टप्प्यांवर मित्र सोबतीला होते. तरीही पुष्कळांना ते खरं वाटेना. पुढची २८ वर्षं कुणालाही ते जमलं नाही, त्यामुळे शंकेला बळच मिळालं. अखेर १९६० मध्ये ॲलन हीटनने २२ तास १८ मिनिटांत फेरी पूर्ण केली आणि ग्रॅहमच्या नावावरचं सावट गेलं.

१९७१ मध्ये फ्रेड रॉजरसनच्या पुढाकाराने बॉब ग्रॅहम क्लब उभा राहिला. त्याचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: प्रत्येक शिखरावर धावणाऱ्यासोबत कुणीतरी साक्षीदार हवा आणि तिथे पोहोचल्याची वेळ टिपलेली हवी. एकट्याने केलेली फेरी कितीही वेगवान असली, तरी सभासदत्व मिळत नाही. वरवर पाहता हा पुराव्याचा नियम. प्रत्यक्षात त्याने सगळ्या खेळाची घडण ठरवली. धावणाऱ्याला आधी सोबती गोळा करावे लागतात. कुणी पाणी आणि खाणं वाहतो, कुणी धुक्यात वाट काढतो, कुणी पहाटे दोनला डनमेल रेझच्या घाटात सूप गरम ठेवून थांबतो. ज्याची फेरी झाली, तो पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याचं ओझं उचलायला हजर असतो. आतापर्यंत दोन हजारांहून जास्त जणांची नोंद झाली आहे. १९७७ मध्ये जीन डॉसने फेरी पूर्ण केली. तसं करणारी ती पहिली स्त्री.

हे अवघड किती, याचा अंदाज एका जुन्या हिशेबाने येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये आडाखा बांधला होता: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. त्यानुसार ही फेरी चालत करायला साधारण ३५ तास लागतात. वरचे अकरा तास वाचवायचे कुठून? चढावर तर जवळजवळ सगळे चालतातच. वेळ वाचतो उतारावर, आणि पाय मोडतात तेही उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार अडवून धरतो. त्याने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दहा-बारा तासांनंतर साधी पायरी उतरणंही नकोसं होतं. त्यात तिथला उतार म्हणजे ओलं गवत, दलदल आणि पायाखाली डुगडुगणारे धोंडे.

फेरीचे पाच टप्पे. त्यातला तिसरा, डनमेल रेझ ते वॉस्डेल, १५ शिखरांचा, सगळ्यांत कस पाहणारा. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक, ९७८ मीटर, याच टप्प्यात. त्याच्या शेजारचं स्काफेल अगदी हाताच्या अंतरावर वाटतं, पण मध्ये मिकलडोर ही खिंड आणि तिच्या पलीकडे ब्रॉड स्टँडचा कातळ. आधी एका अरुंद फटीत अंग तिरपं करून शिरायचं, पलीकडे घसरड्या पायरीसारख्या खडकावर यायचं आणि मग कोपऱ्यातली जेमतेम धर असलेली भिंत चढायची. खाली पोकळी. पाऊस असेल, तर सोबती आधीच वर जाऊन दोर लावून बसतात. ज्याला हे नको, तो फॉक्सेस टार्नच्या वळशाने जातो. कवी कोलरिज १८०२ मध्ये याच कातळावरून वाट ठाऊक नसताना एकटा खाली उतरला होता. त्याच्या पत्रात या उतरण्याचं वर्णन आहे.

या डोंगरांत धावणं खेळाडूंच्या आधी मेंढपाळांनी केलं. इथल्या राखाडी हर्डविक मेंढ्या कुंपणाशिवाय उंच माळांवर चरतात. आपल्या चराईची हद्द कोकरू आईच्या मागे फिरून शिकतं, आणि ही ओढ पिढ्यान्‌पिढ्या कळपात टिकते. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, डोंगर बंद झाले, शर्यती रद्द झाल्या. काही कळप मारावे लागले. मेंढ्या पुन्हा विकत आणता येतात, पण हद्द ओळखणारा कळप विकत मिळत नाही.

जॉस नेलर याच जगातला, वॉस्डेलचा मेंढपाळ. लहानपणापासून पाठ दुखरी, पुढे तिच्यावर शस्त्रक्रियाही झाली. या माणसाने १९७५ मध्ये चोवीस तासांत ७२ शिखरं केली. सत्तरी गाठल्यावर, २००६ मध्ये, वयाइतकी म्हणजे ७० शिखरं धावून काढली. जून २०२४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी तो गेला. बॉरोडेलचा बिली ब्लँड गवंडी. १९८२ मध्ये त्याने बॉब ग्रॅहम फेरी १३ तास ५३ मिनिटांत केली आणि तो विक्रम ३६ वर्षं टिकला. २०१८ मध्ये स्पेनचा किलियन जॉर्नेट आला. जगातल्या अनेक मोठ्या डोंगरी शर्यती जिंकलेला हा धावपटू स्थानिक सोबती घेऊन निघाला आणि १२ तास ५२ मिनिटांत परतला. मूट हॉलपाशी त्याचं अभिनंदन करायला ब्लँड स्वतः हजर होता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या जॅक कुन्झलने तो विक्रमही मोडला.

आल्प्समध्ये माँ ब्लाँला वळसा घालणारी यूटीएमबी २००३ पासून होते. सुमारे १७० किलोमीटरची ती शर्यत भव्य आहे, यात वाद नाही. पण तिच्या प्रवेशासाठी आधी इतर शर्यती धावून पात्रता मिळवावी लागते, आणि मग सोडत. सिंहगड-राजगड-तोरणा ही आपली भटक्यांची जुनी वाटही आता शर्यतीची झाली आहे. ती धावणारे वाढावेत, असंच मला वाटतं. त्याच्या जोडीला सह्याद्रीत अशी एखादी बिनपदकाची फेरीही सुरू व्हावी. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेवर ताक-सरबत देणारी माणसं आहेत. पावसाळ्यात कुठली वाट खचते हे त्यांना आपल्या घड्याळातल्या नकाशापेक्षा जास्त ठाऊक. अशा फेरीच्या वहीत साक्षीदार म्हणून पहिलं नाव त्यांचं लिहावं, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा.