थांब्यापर्यंतची चारशे पावलं

माझ्या मावशीचं वय ७९. पुण्यात तिच्या दारापासून बसथांबा तिच्या चालीनं चारशे पावलांवर आहे. मागच्या महिन्यात रिपोर्ट दाखवायला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून मी सोबत गेले. वाटेत ती दोनदा थांबली, एकदा विजेच्या खांबाला टेकून आणि एकदा किराणा दुकानाच्या पायरीवर बसून. बस आली, पण थांब्याला लागलीच नाही, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. फुटपाथवरून उतरायचं, दुचाक्या चुकवायच्या आणि मग गुडघ्याएवढी पायरी चढायची! मावशीनं आधी काठी आत ठेवली, मग दांडी धरली. कंडक्टरनं हात दिला, पण तोवर मागच्या गाड्यांनी हॉर्नचा सपाटा लावला होता. तेव्हापासून ती बसनं गेलेली नाही.

ज्येष्ठांच्या प्रवासाचा विषय निघाला की आपण सवलतीवर येतो. एसटीत ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आहे, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. ही फार मोलाची सोय आहे, तिच्यामुळे कितीतरी आजी लेकीकडे जाऊन येतात. पण सवलत मिळते ती बसमध्ये चढल्यावर. चढण्याआधीची चारशे पावलं आणि ती उंच पायरी कुठल्याच योजनेत नाही.

ही पावलं मोजायचं काम जपानमधल्या एका नगरपालिकेनं केलं. टोकियोच्या पश्चिमेला मुसाशिनो नावाचं जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं शहर आहे. तिथल्या एका वृद्ध बाईंनी महापौरांना पत्र लिहिलं. बसथांबा लांब पडतो, सायकलची भीती वाटते, त्यामुळे स्टेशनकडच्या बाजारात जाताच येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पालिकेनं ती मनावर घेतली. म्हाताऱ्या माणसांशी बोलून आणि त्यांचं चालणं पाहून मग मार्ग आखला. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘मू-बस’ सुरू झाली. मोठी बस शिरू शकत नाही अशा गल्ल्यांतून जाणारी ही छोटी गाडी, भाडं सरसकट १०० येन आणि थांबे साधारण दर २०० मीटरवर. म्हणजे बसच्या वाटेवर राहणाऱ्या कुणालाही शंभरेक मीटरपेक्षा जास्त चालायला नको. पुढे जपानभर शेकडो गावांनी अशा बस काढल्या.

छोटी गाडी आपल्यालाही नवी नाही. २०२१ मध्ये पीएमपीनं पेठांमध्ये ‘पुण्यदशम’ सुरू केली, दहा रुपयांत दिवसभर प्रवास. तिचं मला फार अप्रूप वाटलं होतं. अरुंद रस्त्यांतून छोटी बस चालते, हे तिनं दाखवून दिलं. आता त्या गाडीचे थांबे आणि वेळा ठरवताना ज्येष्ठांना सोबत घ्यायला हवं.

त्यासाठी मोठ्या सल्लागार कंपनीची गरज नाही. जवळपास प्रत्येक उपनगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहे. संघाच्या हॉलमध्ये वॉर्डाचा नकाशा पसरावा, प्रत्येकानं आपलं घर आणि आपलं जाण्याचं ठिकाण यांवर टिकल्या लावाव्यात. मग दोन-तीन जणांबरोबर डेपोच्या माणसानं थांब्यापर्यंत चालून यावं, त्यांच्या वेगानं. सावली कुठे नाही, बाकडं कुठे हवं, कुठल्या चौकात सिग्नल पुरत नाही, हे त्या अर्ध्या तासात कळतं. वेळापत्रकाचंही तसंच. यांची वर्दळ ऑफिसच्या गर्दीनंतर, दहा ते बाराच्या सुमारास असते. पेन्शन जमा झाली की बँकेत रांग लागते आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे सुरू होतात. आणि गाडीची पायरी? देशात शहरी बससाठी ४०० मिलिमीटर उंचीच्या तळाचं मानक आहेच, ६५० आणि ९०० मिलिमीटरचंही आहे. नवी गाडी घेताना यातली कुठली मागवायची, हे मावशीचा गुडघा विचारात घेऊनच ठरायला हवं.

परवा मी मावशीला विचारलं, बस गल्लीच्या तोंडाशी आली तर पहिल्यांदा कुठे जाशील? मला वाटलं, दवाखाना म्हणेल. तिनं लगेच शनिवार पेठेतल्या मैत्रिणीचं नाव घेतलं. दोघींची दिवाळीनंतर भेट नाही. “तिला जिना उतरवत नाही, मला बस चढवत नाही,” मावशी म्हणाली, आणि मैत्रिणीच्या वाड्यापासून सगळ्यात जवळचा थांबा कुठला, ते मला सांगू लागली.