राणी, पण व्यापाऱ्याची लेक

'ब्यूटी अँड द बीस्ट' ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना डिस्नेच्या चित्रपटामुळे माहीत आहे. पुस्तकवेडी मुलगी, शापित राजवाडा, एक गुलाब आणि शेवटी माणसात आलेला राजपुत्र. गोष्ट गोड आहे, मलाही आवडते. पण गेल्या पावणेतीनशेहून अधिक वर्षांत ती अनेकांनी नव्याने सांगितली, आणि सांगणाऱ्यापुढे एक अडचण होतीच. राक्षसाचा माणूस करणं सोपं, त्याला एक जादू पुरते. खरी अडचण पुढे आहे. मुलगी व्यापाऱ्याची आणि नवरा राजपुत्र, हे लग्न लोकांच्या गळी उतरवायचं कसं? कोणी काय उत्तर दिलं हे पाहिलं, की परीकथेतला गरीब-श्रीमंतीचा प्रश्न नीट कळतो.

ही गोष्ट आज आपण ओळखतो त्या रूपात प्रथम मादाम द व्हिलनव्ह या फ्रेंच लेखिकेने 1740 मध्ये छापली. ती चांगली लांबलचक आहे. एका श्रीमंत व्यापाऱ्याला सहा मुलगे आणि सहा मुली. त्याची संपत्ती जाते, घरदार सोडून सगळे खेड्यात राहायला जातात. पुढे तो वाट चुकतो, राक्षसाच्या बागेतला गुलाब तोडतो आणि त्याच्या बदल्यात धाकटी मुलगी राजवाड्यात जाते. तिच्या प्रेमाने शाप सुटतो. आपल्या ओळखीची गोष्ट इथे संपते. व्हिलनव्हबाईंची संपत नाही.

कारण आता राजपुत्राची आई येते. मुलाला पुन्हा माणूस झालेला बघून ती आनंदाने वेडी होते. पण मुलगी व्यापाऱ्याची आहे हे कळताच तिचा चेहरा उतरतो. मुलीचे उपकार मान्य, पण सून म्हणून नको! सोबत आलेली परी राणीला चांगलं सुनावते. बिचारी मुलगी स्वतःच बाजूला व्हायला तयार होते. हिच्याशिवाय जगण्यापेक्षा पुन्हा राक्षस झालेलं परवडलं, असं राजपुत्र म्हणतो. इथे वाटतं, आता प्रेम जिंकणार. आणि तेवढ्यात परी सांगते, की ही व्यापाऱ्याची मुलगीच नव्हे. ती एका राजाची आणि परीची लेक, त्या राणीचीच भाची! मग काय, सगळे खूश.

म्हणजे बघा, राणीचं मत बदलायची वेळच येत नाही. सुनेचं कूळच बदलतं.

हा तोडगा आपल्याला परका नाही. कालिदासाचा दुष्यंत आश्रमात शकुंतलेला बघतो तेव्हा त्याला पहिली काळजी हीच पडते, की ही क्षत्रियाने लग्न करण्याजोगी आहे का? ती कण्वांनी सांभाळलेली, मूळची विश्वामित्र आणि मेनकेची मुलगी, हे सख्यांकडून कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. हे नाटक मराठी रंगभूमीवर 1880 मध्ये 'संगीत शाकुंतल' म्हणून आलं, आणि ते आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. म्हणजे आश्रमातल्या मुलीचं कूळ तपासणारा राजा आपल्या पणजोबांनीही तिकीट काढून पाहिला असेल. फ्रान्स काय नि इथे काय, मन जिथे गुंतलं तिथे कुळाचा दाखला नंतर सापडतोच.

आता दुसरी लेखिका. मादाम लप्रँस द बोमाँ मूळच्या फ्रान्सच्या, पण लंडनमध्ये बड्या घरच्या मुलींना शिकवायची नोकरी करायच्या. 1756 मध्ये त्यांनी मुलींसाठी एक पुस्तक काढलं. त्यात एक शिक्षिका आणि तिच्या खानदानी विद्यार्थिनी यांचे संवाद आहेत, मधेमधे गोष्टी आहेत. त्यातलीच एक ही. बोमाँबाईंनी मूळ गोष्टीला जोरात कात्री लावली. सहा-सहा मुलांची तीन-तीन केली आणि शेवटचं ते कूळपुराण पूर्ण उडवलं. त्यांच्या गोष्टीत परी येते, मुलीने रूप आणि हुशारीपेक्षा चांगुलपणा निवडला म्हणून तिचं कौतुक करते आणि ती राणी होते. व्यापाऱ्याची लेक म्हणूनच. कोणी काही विचारत नाही.

मला हे धाडसाचं वाटतं. पगारावर काम करणारी बाई मालकांच्या मुलींसाठी लिहिते, आणि लिहिते काय, तर राणी व्हायला राजाच्या पोटी जन्मावं लागत नाही. वर व्यापाऱ्याच्या थोरल्या मुलींची फजितीही आहे. त्यांना नवरा हवा तो सरदारच, इतर व्यापाऱ्यांच्या मुलींशी बोलायलाही त्या तयार नसतात. त्यांचे शेवटी दगडी पुतळे होतात.

कोणी म्हणेल, पण या मुलीला निवड होती कुठे? बापाचा जीव वाचवायला ती गेली, समोर सगळी सत्ता राक्षसाची. प्रश्न बरोबर आहे. उत्तर गोष्टीतच आहे. राक्षस रोज रात्री जेवणाच्या वेळी येतो, लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते. तो उसासा टाकून जातो, दुसऱ्या दिवशी जेवण तसंच, मान तसाच. पुढे बापाला भेटायला तो तिला आठवड्यासाठी घरी जाऊ देतो. ती घरी सुरक्षित आहे, परत जायची बळजबरी नाही, आणि तरी ती आपल्या मनाने परतते. माझ्या मते प्रेमकथा खरी तिथे सुरू होते. ज्याच्या हातात सगळं आहे त्याने 'नाही' ऐकून घेणं, आणि जिच्या हातात काही नाही तिला दार उघडं मिळणं. एवढं नसेल, तर श्रीमंत-गरिबाची प्रेमकथा म्हणजे नुसती मेहेरबानी.

तरी एक गोष्ट बोमाँबाईंकडूनही सुटली. माझी आई टिळकवाडीत दोन घरी स्वयंपाकाला जाते. मी तिला ही गोष्ट सांगत होते. घर बुडाल्यावर ती मुलगी पहाटे चारला उठून झाडलोट करते, सगळ्यांचा स्वयंपाक करते, इथे आईने मान डोलावली. ती स्वतःही चारलाच उठते. पुढे राजवाडा आला, माणूस दिसत नाही पण ताट वाढलेलं असतं, हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग रांधलं कोणी? आणि भांडी?"

या प्रश्नाला बोमाँबाईंच्या गोष्टीत उत्तर नाही. काम होतं, करणारा दिसत नाही. व्हिलनव्हबाईंच्या राजवाड्यात माकडं आणि पोपट सेवेला असतात. डिस्नेच्या 1991 च्या चित्रपटात नोकर आहेत, पण मालकाच्या उद्धटपणाची शिक्षा त्यांनाही झाली आहे. कोणी मेणबत्तीचं झाड झालंय, कोणी घड्याळ, कोणी किटली. गाणी सुंदर आहेत, पण चूक मालकाची आणि वस्तू झाले नोकर, हे आईचा प्रश्न ऐकल्यावर मला फार खुपलं. अमेरिकन लेखिका रॉबिन मॅकिनली यांच्या 1978 च्या 'ब्यूटी' या कादंबरीत मात्र राजवाड्यातल्या अदृश्य दासींना नावं आहेत, आवाज आहेत, त्या आपसात कुजबुजतात. नायिकेची बहीण लोहाराशी लग्न करते आणि ते घर सुखाचं आहे. राजपुत्र न मिळालेलीलाही लेखिका सुखी करते, हे मला फार आवडलं.

पुढच्या अंकासाठी आपल्या मंडळात कोणी परीकथा नव्याने लिहिणार असेल, तर एवढं जरूर बघा. तुमच्या नायिकेला 'नाही' म्हणता येतं का? आणि राजवाड्यात ताट वाढणाऱ्या बाईला तोंड आहे का? शेवट खुशाल गोड करा, परीकथेचा तो हक्कच आहे. फक्त त्या गोडव्यासाठी मुलीचा बाप बदलू नका.