दोन हजारांना आजी कशी सापडते

पाथर्डी तालुक्यातली आजी मोबाईल नातवापुढं धरते. "बघ रं, हप्ता आला का?" आलेले असतात दोन हजार. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. शिवाय राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच. या दुसऱ्या योजनेचा पहिला हप्ता 26 ऑक्टोबर 2023 ला पाथर्डीच्याच जिल्ह्यातून, शिर्डीतून सुटला.

खरी गंमत रकमेत नाही, वाटेत आहे. आपल्याला वाटतं, दिल्लीहून पैसे आजीचा खाते नंबर बघून निघत असतील. तसं नाही. त्यांच्यावर पत्ता असतो फक्त आधार क्रमांकाचा. वाटेत एनपीसीआय या संस्थेकडे 'मॅपर' नावाची एक नोंदवही लागते. तिच्यात प्रत्येक आधारासमोर फक्त बँकेचं नाव; खातं कोणतं, ते तिलाही ठाऊक नाही. ते ती बँक आपल्या दप्तरात शोधते. पोस्टमनला गाव माहीत, घर गावकऱ्यांनी दाखवायचं!

मात्र एका आधारासमोर एकच बँक, आणि तीही शेवटी जोडलेली. नातवानं हौसेनं आजीचं दुसरीकडं खातं उघडून आधार जोडलं, की जुनं पासबुक कितीदा भरून आणा, कोरंच. पैसे बुडालेले नसतात, नव्या खात्यात गपगुमान बसलेले असतात.

बरं, आकडा लिहितानाच चुकला तर? आधारचा बारावा आकडा हा आधीच्या अकरांवरचा पहारेकरी आहे. याकोबस फेरहूफ या डच गणितज्ञानं 1969 मध्ये मांडलेल्या रीतीनं तो काढतात. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर हिशेब जुळतच नाही. मला तर या एका आकड्याचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं.

एवढ्या हुशार यंत्राचं घोडं अडतं ते अंगठ्यापाशी. पाथर्डीतली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात. कोयता धरून आणि मोळ्या बांधून अंगठ्यावरच्या रेषा झिजतात. हप्त्यासाठी केवायसी, म्हणजे ओळख पटवणं लागतं; त्या यंत्रावर अंगठा ठेवला की नकार. पुसून ठेवला, पुन्हा नकार. जून 2023 पासून मोबाईलच्या ॲपवर चेहरा दाखवूनही केवायसी होते, तेव्हापासून जरा बरं आहे. हप्ता मात्र माणसासोबत फिरतो. फडाजवळच्या गावात बँकमित्र असला, तर पैसे तिथंही निघतात.

आता योजनेच्या मूळ दारापाशी या. ते आहे सातबारा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे तिच्यात पीक काय. हे दप्तर वाढलं ते सारा वसूल करण्यासाठी. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून जमिनीच्या नव्या साराबंदीला सुरुवात केली, ती शेतातून सरकारकडं पैसा नेण्यासाठी. आज त्याच कुळीचा कागद उलट्या दिशेनं पैसा आणतो.

पण कागदावर नाव लागतं, आणि तेही 1 फेब्रुवारी 2019 च्या आधीचं. त्यानंतर वारसानं आलेली जमीन तेवढी चालते. म्हणून एकाच टोळीतले दोन कोयते (नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं कोयताच म्हणतात) एकाच फडात ऊस तोडत असतात. एका जोडीच्या मोबाईलवर मेसेज वाजतो. दुसरी जोडी गावाकडं बटईनं बाजरी करते, उताऱ्यावर नाव मालकाचं.