करवतीचे तेल गळते, मग काय करावे?

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले. नारळी, पोफळी, आंबे आडवे झाले. वाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या दिवसांत झाडे कापण्याच्या यंत्राला फार मागणी आली. या यंत्राला चेनसॉ म्हणतात. चेन म्हणजे साखळी, सॉ म्हणजे करवत. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने उसनवारी करून असे यंत्र घेतले.

थोड्याच दिवसांत तो आमच्याकडे आला. चेहरा पडलेला होता.

"गुरुजी, मशीन रात्रभर तेल गाळतंय. सकाळी पडवीत हा एवढा डाग! म्हणून मी साखळीचं तेल घालायचंच बंद केलं."

"बरं, मग?"

"मग काय! दोन दिवसांत पट्टी निळी पडली. साखळीपण गेली."

तेल वाचवायला गेला आणि मोठा खर्च ओढवून बसला. आम्ही पडलो शाळामास्तर. त्याला घेऊन मिस्त्रीकडे गेलो. तिथे जे कळले ते सांगतो.

या यंत्राला दोन टाक्या असतात. एकीत इंजिनाचे पेट्रोल, दुसरीत साखळीचे तेल. पुढे एक लांब पोलादी पट्टी असते. तिला बार म्हणतात. बारच्या कडेला खाच असते. त्या खाचेतून दातेरी साखळी वेगाने फिरते. लहानसा पंप टाकीतले तेल खाचेत सोडतो. हे तेल परत टाकीत येत नाही. ते भुशाबरोबर उडून जाते. म्हणून ते संपणारच. पेट्रोल भराल तेव्हा तेलही भरा.

तेल नसले तर लोखंडावर लोखंड घासते. बार तापून निळा पडतो. साखळी अडकते, तुटूही शकते. तुटलेली साखळी माणसाला जखमी करते.

आता गळण्याचे पाहू. काम संपल्यावर बारवर आणि भुशात तेल राहते, तेच ठिबकते. यंत्र तापले की टाकीतली हवा फुगते आणि थोडे तेल बाहेर ढकलते. अशा चार थेंबांना भिऊ नये.

मात्र टाकी रात्रीत रिकामी होत असेल, तर तो दोष समजावा. यंत्र स्वच्छ पुसा आणि कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी ओल कुठून आली ते पाहा. झाकणापाशी असेल, तर आट्यांतला भुसा काढा. झाकणाची रबरी कडी झिजली असेल तर बदला. बारच्या बाजूने किंवा टाकीखालून गळत असेल, तर नळी, पंप किंवा टाकी बिघडली असेल. तिथे मिस्त्रीच हवा.

तेल साखळीला पोचते की नाही, हेही पाहावे. बारचे टोक पांढऱ्या ओंडक्यापासून वीतभर दूर धरा. टोक कशालाही टेकू देऊ नका. यंत्र वेगाने चालवा. थोड्या वेळात ओंडक्यावर तेलाची रेघ उमटली, तर ठीक. उमटली नाही, तर यंत्र बंद करा, गार होऊ द्या, प्लगची वायर काढा, हातमोजे घाला. मग बार उतरवून खाच आणि तेलाचे भोक साफ करा.

गाडीतून काढलेले जळके तेल कधीही घालू नये. त्यात धातूचा कीस असतो. ते कातडीलाही वाईट.

यंत्र बरेच दिवस ठेवायचे असेल, तर तेलाची टाकी रिकामी करावी. खाली जुने ताट ठेवावे. विहिरीजवळ किंवा धान्याजवळ ठेवू नये.

आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्रात दोष काहीच नव्हता. आजही ते सकाळी दोन थेंब गाळते. तो फडक्याने पुसतो, दोन्ही टाक्या भरतो आणि कामाला जातो.